बेडकांची वही

(एक विद्यार्थिनी, इयत्ता दहावी)

आपल्या भाषेने बेडकाला फारसा मान दिलेला नाही. ज्याची दृष्टी आपल्या अंगणापलीकडे जात नाही त्याला आपण कूपमंडूक म्हणतो. ऐपतीबाहेर मोठेपणा मिरवणाऱ्याला बैलाएवढे होऊ पाहणाऱ्या बेडकीची गोष्ट ऐकवतो. प्राचीन ऋषींची दृष्टी मात्र अधिक उदार होती. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातील एकशे तिसरे सूक्त हे मंडूकसूक्त म्हणून प्रसिद्ध आहे. त्यात पहिल्या पावसाबरोबर जागे होऊन ओरडणाऱ्या बेडकांना वेदपठण करणाऱ्या ब्राह्मणांची उपमा दिलेली आहे. आमच्या घरचे पंचांग उघडले तरी पर्जन्यनक्षत्राच्या वाहनांत बेडूक आढळतो, आणि नक्षत्राचे वाहन बेडूक असले की शेतकरी चांगल्या पावसाची आशा धरतो. ज्या प्राण्याच्या स्वागतावर एके काळी सूक्त रचले गेले, त्याची ओळख आज आपणांस केवळ जीवशास्त्राच्या पुस्तकातील आकृतीपुरती राहावी, ही खेदाची गोष्ट होय.

माझी स्वतःची ओळखही तेवढीच होती. मी आठवीत असताना, २०२३ च्या जून महिन्यात, आमच्या विज्ञानाच्या बाईंनी वर्गाला एक काम दिले. पावसाळ्यात घरापासून शंभर पावलांच्या आत जे जे सजीव दिसतील त्यांची नोंद करावयाची, आणि पाहिल्यावाचून एक अक्षरही लिहावयाचे नाही. आमचे घर सत्तरी तालुक्यात आहे. मागे कुळागर, त्याच्या खाली भातशेतीच्या कुणग्या, एका बाजूस जांभ्या दगडाची सोडून दिलेली चिरेखाण आणि तिच्यावर उघडा सडा. शंभर पावलांत एवढे वैभव असूनही पहिल्या दिवशी माझ्या वहीत कावळा, मांजर, गोगलगाय आणि बेडूक अशी अवघी चार नावे लिहिली गेली. बाईंनी चौथ्या नावाखाली रेघ ओढून विचारले, "कोणता बेडूक?" मला उत्तर देता आले नाही. बेडूक म्हणजे बेडूक, याहून अधिक काही असते हेच मला ठाऊक नव्हते.

ते उत्तर शोधावयास मला माझ्या मामांनी मदत केली. मामा आमच्या शेजारच्याच वाड्यावर राहतात. पावसाळी रात्री शेताच्या मेरेवरून कसे चालावे, विजेरीचा झोत कोठे टाकावा, कोणत्या बिळापासून दूर राहावे, हे त्यांच्याइतके गावात कोणालाच माहीत नाही. या ज्ञानाचे मूळ कोठे आहे हे घरात सर्वांना ठाऊक होते, पण त्याविषयी कोणी बोलत नसे. तरुणपणी मामा बेडूक पकडीत असत. आमच्या कोंकणीत बेडकाला बेबो म्हणतात. पहिल्या पावसाच्या रात्री पेट्रोमॅक्सची बत्ती आणि गोणपाट घेऊन चार-पाच मित्र बाहेर पडत आणि पहाटे भरलेली गोणी घेऊन परत येत. काही बेडूक घरी शिजत, बाकीचे विकले जात. शहरातील उपाहारगृहांतून त्यांना 'जंपिंग चिकन' असे साळसूद नाव मिळाले होते.

आजीचा माझ्या रात्री बाहेर जाण्यास विरोध होता. "मुलीच्या जातीने काळोखात शेतात काय शोधायचे?" असे ती म्हणे. शेवटी गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, हातात काठी, सोबत मामा आणि नऊच्या आत घरी, या चार अटींवर परवानगी मिळाली. पहिली अट किती योग्य होती हे पुढे मेरेवर नाग पाहिला तेव्हा मला पटले.

त्या वर्षी पाऊस उशिरा आला. मान्सून केरळातच ८ जून रोजी पोहोचला. आमच्याकडे मृगाचा मुहूर्त कोरडाच गेला, आणि बेडूकही गप्प होते. पहिला खरा मुसळधार पाऊस पडला त्या संध्याकाळी मात्र कुणग्यांतून असा आवाज उठला की घरात बोलणे ऐकू येईना. आम्ही मेरेवर पोहोचलो तेव्हा विजेरीच्या उजेडात जे दिसले ते मी जन्मात विसरणार नाही. एरवी मातकट हिरव्या रंगाचा, जवळजवळ वीतभर लांबीचा मोठा बेडूक हळदीसारखा पिवळाधमक झाला होता. त्याच्या गळ्याच्या दोन्ही बाजूंस निळ्या रंगाचे दोन फुगे फुगत होते. असे अनेक नर उथळ पाण्यात एकमेकांना ढकलीत, ओरडीत होते. हा रंग त्यांना केवळ विणीच्या या थोड्या दिवसांपुरताच चढतो. ओरडतात ते नर. माद्या मुक्याने येतात, आवाज ऐकतात आणि जोडीदार निवडतात. हजारो अंडी पाण्यात सोडली जातात, आणि दोन-तीन रात्रींत तो सोहळा आटोपतो.

एवढे मोठे तळे जवळ असताना हे बेडूक उथळ डबक्यात अंडी का घालतात, असे मी मामांना विचारले. ते म्हणाले, "तळ्यात मासे असतात, बाय. मासे अंडी ठेवतील होय?" पावसाने नव्यानेच साचलेल्या पाण्यात मासे नसतात, म्हणून पिलांना काही आठवडे अभय मिळते. मात्र डबके आटण्यापूर्वी शेपटी टाकून, पाय फुटून बाहेर पडावे लागते. अंड्यातून निघालेल्या या शेपटीवाल्या पिलाला शास्त्रीय मराठीत भैकेर म्हणतात. पाणी आणि काळ यांच्याशी त्याची शर्यत लागलेली असते. मी चिरेखाणीच्या कडेला बसून ही शर्यत रोज पाहिली. आधी मागचे पाय फुटतात, मग पुढचे, आणि शेवटी शेपूट हळूहळू शरीरातच जिरून जाते. कल्ल्यांनी श्वास घेणारा जलचर महिना-दीड महिन्यात फुप्फुसांनी आणि ओलसर त्वचेने श्वास घेणारा भूचर होतो.

हळूहळू माझ्या वहीतील 'बेडूक' या एका शब्दाची अनेक नावे झाली. न्हाणीघराच्या भिंतीला चिकटून बसणारा, बोटांच्या टोकांस गोल चकत्या असलेला तो झाडबेडूक. त्याची मादी पाण्यावर झुकलेल्या पानावर किंवा टाकीच्या भिंतीवर एक द्रव सोडते, मागच्या पायांनी ताक घुसळावे तसा तो घुसळते आणि त्या फेसाच्या घरट्यात अंडी घालते. काही दिवसांनी पिले फेसातून टपटप खाली पाण्यात पडतात. आमच्या विहिरीजवळच्या बादलीवर असे घरटे झाले तेव्हा आईने आठ दिवस ती बादली हलवू दिली नाही. अंगावर काळ्या टोकांच्या पुटकुळ्या असलेला, उड्या मारण्यापेक्षा चालणेच पसंत करणारा तो भेक. त्याची अंडी काळ्या मण्यांच्या माळेसारखी पाण्यात पसरलेली असतात, आणि डोळ्यांमागील ग्रंथींत विष असल्यामुळे कुत्रा त्याला एकदा तोंडात धरून पुन्हा कधी धरीत नाही. तळ्याच्या पाण्यावर केवळ डोळे ठेवून तरंगणारा, आणि चाहूल लागताच पाण्याच्या पृष्ठावरूनच टणाटण उड्या मारीत जाणारा तो आणखी एक. कंगव्याच्या दातांवरून नख ओढावे तसा आवाज गवतातून येई. तो काढणारा प्राणी शोधावयास मला तीन रात्री लागल्या. तो अंगठ्याच्या नखाहून थोडासाच मोठा निघाला! एवढ्या लहान देहातून एवढा आवाज कसा निघतो याचे मला अजून नवल वाटते.

आपल्या या भूमीचे नावही बेडकांनी धारण केले आहे. सुर्ला परिसरातून २०१५ साली शास्त्रज्ञांनी एका लहान बेडकाची नवी जात वर्णिली आणि तिला 'गोमंतकी' असे नाव दिले. पुढे सड्यांवर राहणाऱ्या दुसऱ्या एका जातीस 'गोंयची' हे नाव मिळाले. बेडकाचाच दूरचा नातेवाईक असलेला, गांडुळासारखा दिसणारा पण पाठीचा कणा असलेला देवगांडूळ हा प्राणी आहे. गोव्याचे नाव असलेली त्याची एक जात २००७ मध्ये वर्णिली गेली. भारतात उभयचरांच्या चारशेहून अधिक जाती आहेत, आणि त्यांतील कित्येक सह्याद्रीवाचून जगात इतरत्र कोठेच नाहीत. ज्या सड्याला आपण 'नुसता कातळ' म्हणतो त्याच्यावर पावसाळ्यात साचणारे चार बोटे पाणी कोणाचे तरी संपूर्ण जग असते.

बेडूक पाहावयास गेले की बेडकाबरोबर सारे पाणथळ जगच भेटते. निवळ्या पाण्यावर न बुडता सरकत असतात. पाणढेकणाचा नर मादीने आपल्या पाठीवर चिकटवलेली अंडी पिले बाहेर पडेपर्यंत वाहून नेतो. चतुराची अळी पाण्यात राहून डासांच्या अळ्या फस्त करते, आणि पंख फुटल्यावर तोच चतुर उडते डास पकडतो. काठावर वंचक असा स्तब्ध उभा असतो की पायाखाली येईपर्यंत दिसत नाही, आणि उडाला की मातकट पक्ष्याचा एकाएकी पांढराशुभ्र पक्षी होतो. दिवाळीनंतर शाळेची सहल करमळीच्या तळ्यावर गेली. तेथे अडई बदकांचे थवे शीळ घालीत उतरत होते, जांभळ्या पाणकोंबड्या लव्हाळ्यांत फिरत होत्या आणि लांब बोटांचा कमळपक्षी पानांवरून चालत होता. कमळपक्ष्यांत अंडी उबविण्याचे व पिले सांभाळण्याचे काम नर करतो, हे ऐकून आमच्या वर्गातील मुलींनी मुलांकडे मोठ्या अर्थपूर्ण दृष्टीने पाहिले! कोंकण रेल्वेची गाडी तळ्याच्या कडेने धडधडत गेली, तरी पक्ष्यांनी मान वर केली नाही.

या सगळ्यात एक प्रसंग माझ्या मनात काट्यासारखा रुतून बसला आहे. पहिल्याच पावसाळ्यात, चिरेखाणीच्या काठी एका दिवडीने बेडूक धरला. दिवड हा पाण्यातील बिनविषारी साप. बेडकाचे मागचे पाय तिच्या तोंडात होते आणि तो केविलवाणा ओरडत होता. मी काठी उचलली. मामांनी माझा हात धरला. "तिलाही पोट आहे," ते म्हणाले. मला राग आला. मी विचारले, "मग माणसाने बेडूक खाल्ला तर का नको? माणसालाही पोट आहे."

मामा बराच वेळ बोलले नाहीत. दिवड बेडूक गिळून गवतात दिसेनाशी झाली. मग ते म्हणाले, "ती एक धरते आणि कित्येक दिवस स्वस्थ पडून राहते. आम्ही गोणी घेऊन जायचो. आणि तेही नेमके ज्या रात्री ते अंडी घालायला येत, त्या रात्री." थोडे थांबून त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. "मी सोडले ते दया आली म्हणून नव्हे. दोन गोणी भरायच्या तेथे चार बेबे मिळेनात, म्हणून सोडले. जाऊन काय करणार?"

या प्रांजळ उत्तराने मला पुस्तकातल्या धड्यापेक्षा अधिक शिकवले. पुढे मी वाचले की हा प्रश्न केवळ आमच्या गावाचा नव्हता. भारतातून बेडकांच्या तंगड्या युरोप-अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर पाठविल्या जात. शेतातील बेडूक घटले, आणि ते खात असलेली कीड व डास यांची चिंता उत्पन्न झाली. १९८७ साली सरकारने ही निर्यात बंद केली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये या बेडकांना मारणे किंवा पकडणे हा गुन्हा आहे. तरीही पहिल्या पावसाच्या रात्री शेतांतून विजेऱ्या फिरतात, हे आपल्या भागातील प्रत्येकाला ठाऊक आहे.

२०२४ च्या पहिल्या पावसात त्या विजेऱ्या आमच्या कुणग्यांतही आल्या. तीन तरुण होते. त्यांतील एक मामांच्या जुन्या सोबत्याचा मुलगा. मी त्याला दादा म्हणते. दसऱ्याला तो आमच्याकडे सोने द्यायला येतो. त्याच्या हातातील गोणी हलत होती. मामा रागावले नाहीत. त्यांनी गोणीचे तोंड उघडावयास सांगितले, आत प्रकाश टाकला आणि म्हणाले, "ह्यांतल्या फुगलेल्या पोटाच्या आहेत त्या माद्या. अंडी अजून पोटातच आहेत. एवढ्या तरी सोड." मुलगा हसला. "मामा, तुम्ही किती खाल्लेत ते बाबा सांगतात," असे म्हणून तो सोबत्यांसह निघून गेला. मामांच्या चेहऱ्याकडे पाहण्याचे मला धैर्य झाले नाही. वनखात्याला कळवावे असे मला वाटत होते, आणि दसऱ्याचे सोनेही आठवत होते. शेजारधर्म मोठा की कायदा मोठा, हा प्रश्न निबंधात सोडवणे सोपे असते. मेरेवर भिजत उभे असताना तो तितका सोपा नसतो.

दुसऱ्या दिवशी मामा आपणहून त्या सोबत्याच्या घरी गेले. दोघे ओसरीवर तासभर बसले. काय बोलणे झाले ते मामांनी सांगितले नाही, मीही विचारले नाही. त्यानंतरच्या पावसाळी रात्री आमच्या कुणग्यांत विजेरी दिसली नाही. दुसरीकडे कोठे दिसली असेल, तर ते मला माहीत नाही.

त्या प्रसंगानंतर मी मोजणी अधिक काटेकोरपणे करू लागले. रीत सोपी आहे. पहिल्या जोरदार पावसाच्या रात्री एकाच ठरावीक मेरेवर दहा मिनिटे उभे राहावयाचे, समोरच्या शेताचे मनाने चार भाग करावयाचे आणि प्रत्येक भागातून येणारे मोठ्या बेडकांचे वेगवेगळे आवाज मोजावयाचे. २०२३ मध्ये मी १९ आवाज मोजले होते. २०२४ मध्ये ११ भरले. २०२५ साली पाऊस फार लवकर आला. मान्सून २४ मे रोजीच केरळात पोहोचला, आणि आमच्याकडे सुटी संपण्यापूर्वीच शेते भरली. बेडकांनी शाळेच्या घंटेची वा पंचांगाची वाट पाहिली नाही. मेच्या अखेरीसच ते पिवळे होऊन ओरडू लागले. त्या वर्षी १४ आवाज आले. मी आनंदाने आकडा बाईंना दाखवला. त्यांनी वही परत देत सांगितले, "तीन आकड्यांवरून सिद्धान्त बांधू नये. दहा वर्षे मोज, मग बोल."

बाईंचे म्हणणे खरे आहे. पण दहा वर्षे मोजावयाचे तर दहा वर्षे ते पाणी तेथे राहिले पाहिजे. चिरेखाणीच्या अर्ध्या भागात आता बांधकामाचा भराव पडला आहे. ज्या कुणगीत पहिल्या रात्री मला सर्वांत अधिक बेडूक दिसले, ती दोन वर्षे पडीक आहे. शिकारीने घटलेले बेडूक शिकार थांबली तर पुन्हा वाढू शकतील. परंतु पाणीच बुजले तर ते परत कोठे येणार? २०२३ मध्ये जगभरच्या उभयचरांचा जो आढावा प्रसिद्ध झाला, त्यात दर शंभरांपैकी सुमारे ४१ जाती नष्ट होण्याच्या धोक्यात असल्याचे म्हटले आहे. मोठ्या तळ्यांची दखल आता घेतली जाते. पाणथळ जागांच्या रक्षणासाठी १९७१ साली इराणमधील रामसर येथे जो आंतरराष्ट्रीय करार झाला, त्याच्या यादीत २०२२ मध्ये कुडचडे येथील नंदा तळ्याचा समावेश झाला. गोव्यातील ती पहिलीच नोंद. परंतु घरामागच्या डबक्याची नोंद कोणत्या यादीत होणार? ती आपल्याच वहीत झाली पाहिजे.

माझ्या बालमित्रांनो, यासाठी दूरदेशी जावे लागत नाही, दुर्बिणीचीही गरज नाही. एक विजेरी, एक वही, पायांत बूट आणि सोबत एक वडीलधारे माणूस एवढे पुरे. दगड उचललात तर पुन्हा जसाच्या तसा ठेवा, कारण त्याखाली कोणाचे तरी घर असते. बेडकाला हात लावू नका. लावावाच लागला तर हात आधी ओले करा, कारण त्याची त्वचा हेच त्याचे दुसरे फुप्फुस असते. साप दिसला तर उभे राहा आणि त्याला वाट द्या. आणि जे पाहिले तेच लिहा.

येत्या मार्च महिन्यात मी शालान्त परीक्षा देऊन या शाळेचा निरोप घेईन. बाईंच्या अनुमतीने ही वही मी शाळेच्या प्रयोगशाळेत ठेवून जात आहे. तिची अर्धी पाने कोरी आहेत. कोणत्या मेरेवर उभे राहावे याचा नकाशा मी पहिल्या पानावर काढून ठेवला आहे, आणि नवा विद्यार्थी येईल तर त्याला वाट दाखवण्याचे मामांनी कबूल केले आहे. आठवीच्या वर्गातील ज्या कोणास ती हवी असेल, त्याने पहिला पाऊस पडण्यापूर्वी बाईंकडे मागावी. चौथा आकडा लिहावयाचा राहिला आहे.